पीटर सेलर्स : आधी आवाज, मग माणूस

तिसरी घंटा

१९४८ साली बीबीसी रेडिओचे निर्माते रॉय स्पियर यांना एक फोन आला. बोलणारे गृहस्थ केनेथ हॉर्न होते. हॉर्न आणि रिचर्ड मर्डॉक या जोडीचे आवाज तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरी ओळखीचे होते, त्यामुळे पीटर सेलर्स नावाच्या एका नव्या पोराला संधी द्यावी ही त्यांची शिफारस स्पियर यांनी गंभीरपणे ऐकून घेतली. पाठोपाठ मर्डॉकही फोनवर आले आणि त्यांनी दुजोरा दिला. मग फोनवरच्या माणसाने कबूल केले, की हॉर्नही तोच, मर्डॉकही तोच आणि ज्याची शिफारस चालली आहे तो सेलर्सही तोच. स्पियर यांनी त्याला झापले आणि कामही दिले.

हा किस्सा सेलर्सवरच्या बहुतेक लेखांत येतो, आणि येतो तो धिटाईचा नमुना म्हणून. मला त्यात निराळे काही दिसते आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना सेलर्स ठाऊक असतो तो 'द पिंक पँथर'मधला इन्स्पेक्टर क्लूझो म्हणून, म्हणजे दारावर आदळणारा, हात लावेल ते मोडून ठेवणारा, अंगाने विनोद करणारा नट म्हणून. माझे म्हणणे असे, की हा माणूस मुळात कानाचा नट होता. भूमिका त्याला आवाजात सापडायची. आवाज हाती लागला की चाल, मिशी, खांद्यांची ठेवण हे सारे मागाहून आपोआप येत असे, आणि आवाज लागला नाही की तो हवालदिल होत असे.

त्याचा जन्म ८ सप्टेंबर १९२५ रोजी पोर्टस्मथमधल्या साउथसी भागात झाला. आईवडील दोघेही गाणी, नकला आणि विनोदी प्रवेश यांचे गावोगाव प्रयोग करणाऱ्यांपैकी, त्यामुळे पाळण्यातल्या वयातच त्याला रंगमंचावर नेऊन प्रेक्षकांना दाखवण्यात आले होते. कागदोपत्री नाव रिचर्ड हेन्री, पण त्याच्याआधीचा जो मुलगा मृत जन्मला त्याचे पीटर हे नाव याला हाक मारण्यासाठी वापरले गेले. यातून मोठा अर्थ काढण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही, मी आवरतो. १९४३ मध्ये तो हवाई दलात भरती झाला, पण दृष्टी अधू असल्यामुळे वैमानिक होता आले नाही, आणि उत्तम ड्रम वाजवणारा व नकला करणारा म्हणून त्याची रवानगी राल्फ रीडर यांच्या 'गँग शो'मध्ये, म्हणजे सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या पथकात झाली. या पथकाबरोबर तो भारत, सिलोन आणि ब्रह्मदेश फिरला. युद्ध संपल्यावर लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये त्याने सहा आठवडे काढले. तिथला प्रेक्षक विवस्त्र स्त्रियांची दृश्ये पाहायला येत असे आणि मधल्या वेळात विनोदी नटाला सहन करत असे. त्या प्रेक्षकाला हसवून झाल्यावर बीबीसीच्या निर्मात्याला फसवणे फार अवघड वाटले नसावे.

खरी तालीम झाली ती 'द गून शो'मध्ये. २८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावाने सुरू झालेला हा रेडिओ कार्यक्रम जानेवारी १९६० पर्यंत चालला. लेखन मुख्यतः स्पाइक मिलिगनचे, सोबतीला हॅरी सीकोम आणि सुरुवातीला मायकेल बेंटीन. सेलर्स त्यात एकटा चारपाच जणांचे काम करी: बारा-तेरा वर्षांचा चिरक्या आवाजाचा ब्लूबॉटल, हिंदुस्थानी फौजेतला लाचखाऊ व भित्रा मेजर ब्लडनॉक, जिभेवर साखर आणि पोटात कट असलेला ग्रिटपाइप-थिन, थकलेला म्हातारा हेन्री क्रन. ही पात्रे एकमेकांशी बोलत, भांडत, एकमेकांचे वाक्य तोडत, आणि श्रोत्याला क्षणभरही वाटत नसे की घसा एकच आहे.

भिंगारवाला

धागा आवडला. आमच्या नगरचा त्यातला हिस्सा मात्र तुम्ही एका नावात उरकलात, म्हणून लिहितो. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. वडील लिओ हे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत होते आणि मूळचे आयरिश. लहानपणीची काही वर्षे पुण्यात गेली, तिथे तो कॉन्व्हेंटात शिकला, आणि पुढे कुटुंब रंगूनला गेले. म्हणजे मेजर ब्लडनॉक हे जे पात्र तुम्ही सांगितलेत, त्याची माती आमच्या छावणीतली आहे. कॅन्टोन्मेंटमधले साहेब, त्यांचा रुबाब आणि त्यांची पोकळी मिलिगनने पोरवयात जवळून पाहिली होती, आणि सेलर्सने तेच साहेब युद्धाच्या वेळी मेसमध्ये ऐकले होते. एकाकडे लेखणी होती, दुसऱ्याकडे कान.

'गून शो'मध्ये लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रेही आहेत, आणि ती हे दोघे मिळून करत. नगर-पुण्यात वाढलेला एक आणि हिंदुस्थानातून पथकाबरोबर फिरून आलेला दुसरा, अशी ती जोडी होती. ती ऐकताना मला हसूही येते आणि थोडे खटकतेही. दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवतो.

साशंक

लेख चांगला आहे, पण मूळ सिद्धांत मला पटत नाही. 'द पार्टी' (१९६८) घ्या. ब्लेक एडवर्ड्सने तो जेमतेम साठेक पानांच्या पटकथेवर काढला आणि बाकी सगळे सेटवर रचले. मेजवानीला येताच नायकाचा एक बूट घरातल्या पाण्याच्या पाटात वाहून जातो, तो परत मिळवण्याची धडपड, मग चिकटलेला खाद्यपदार्थ, न्हाणीघरातला तो कागदाचा गुंडा, हे सगळे आवाज बंद करून पाहा. काडीचाही फरक पडत नाही. हा मूकपटाच्या परंपरेतला नट आहे. 'कानाचा नट' ही उपाधी वाचायला छान वाटते, पण पुरावा उलट बाजूला जातो.

दुसरे असे, की याच चित्रपटाबद्दल मूळ लेखात चकार शब्द नाही. गोऱ्या नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून हृंडी व्ही. बक्षी नावाचा हिंदी माणूस उभा करायचा, ते नाव हिंदुस्थानच्या कोणत्याही प्रांतात सापडणार नाही असे ठेवायचे, आणि आपण मराठी मंडळींनी त्याच्या कानाचे कौतुक करायचे, हे जरा विचित्र नाही का? ज्या कानाचे तुम्ही गोडवे गाता, त्या कानाला बक्षी बंगाली आहे की पंजाबी की तमिळ हे ठरवता आले नाही.

टेम्सकाठी

साशंक यांच्या दुसऱ्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडते. बक्षीच्या आठ वर्षे आधी, १९६० मध्ये, 'द मिलियनेरेस' या चित्रपटात सोफिया लॉरेनसमोर सेलर्सने डॉक्टर अहमद अल कबीर हा हिंदी डॉक्टर केला. मूळ नाटक बर्नार्ड शॉचे, आणि त्यात हा डॉक्टर इजिप्तचा आहे! तो हिंदी कसा झाला याचे उत्तर सेलर्सजवळ तो उच्चार तयार होता यातच असावे, असे मला वाटते. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी दोघांनी 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते चित्रपटात नाही, पण ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. निर्माते होते जॉर्ज मार्टिन, जे पुढे बीटल्सबरोबर नावारूपाला आले.

त्यानंतर कितीतरी वर्षे इथल्या शाळांतून आणि कारखान्यांतून हिंदी माणसाला चिडवायला हेच शब्द वापरले जात, असे माझ्या आधीच्या पिढीतील मंडळी सांगतात. सेलर्सने ते चिडवण्यासाठी म्हटले नव्हते हे मान्य, पण एकदा नक्कल बाजारात गेली की ती नकलाकाराच्या हातात राहत नाही. म्हणूनच नव्वदच्या दशकात संजीव भास्कर, मीरा स्याल आणि त्यांच्या सोबत्यांनी बीबीसीवर आपल्या विनोदी कार्यक्रमाला मुद्दाम 'गुडनेस ग्रेशस मी' हे नाव दिले. १९९६ मध्ये रेडिओवर आणि १९९८ पासून टीव्हीवर आलेल्या या कार्यक्रमात हिंदी मंडळी इंग्रजांच्या नकला करत होती. छत्तीस वर्षांत पारडे कसे फिरले ते पाहण्यासारखे आहे.

चक्रधर

बक्षीचा विषय निघालाच आहे तर सत्यजित राय यांचे प्रकरण सांगायला हवे. १९६७ मध्ये राय यांनी 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात अंतराळयान उतरते अशी कथा, आणि तिच्यातल्या मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी सेलर्स ठरला होता. राय त्याला पॅरिसमध्ये भेटले, कोलंबिया कंपनी पैसे घालणार होती, आणि पुढे हॉलिवूडला गेले असताना राय यांनी 'द पार्टी'चे चित्रीकरणही पाहिले. त्या चित्रपटात बक्षीने पाळलेल्या माकडाचे नाव अपू आहे. ज्या दिग्दर्शकाने अपूवर तीन चित्रपट काढून जगभर नाव मिळवले, त्याला हे किती लागले असेल, याची कल्पना करायलाही नको, कारण राय यांनी पुढे या सगळ्या फसगतीवर स्वतःच लिहिले. सेलर्सने अखेर अंग काढून घेतले आणि तो चित्रपट झालाच नाही.

मला याची चुटपुट वेगळ्या कारणासाठी वाटते. हिंदुस्थानातला प्रत्येक उच्चार ओळखणारा दिग्दर्शक समोर असता, तर सेलर्सला 'सरसकट हिंदी' आवाजावर भागवता आले नसते. राय यांनी त्याला कोलकात्याच्या बडाबाजारात नेऊन बसवले असते, आणि तो कान काय घेऊन परत आला असता!

तिसरी घंटा

सर्वांचे आभार. साशंक, बुटाचा प्रसंग मूक आहे आणि अप्रतिम आहे, हे मान्य. एडवर्ड्सबरोबर काम करताना सेलर्स मूकपटाकडे झुकतो हेही खरे. पण त्याच चित्रपटात पोपटाला दाणे टाकतानाचा तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. तिथे पोपटाशी बोलण्याचा तो बोबडा सूर काढून टाकला तर काय उरते? बक्षीच्या उच्चाराबद्दल मात्र मी तुमच्या आणि टेम्सकाठी यांच्या बाजूचा आहे. ओळखीच्या समाजात त्याचा कान गल्लीगल्लीचा फरक टिपत असे, आणि आपल्याकडे आला की दिल्लीपासून मद्रासपर्यंत एकच सूर लावत असे. चक्रधर यांचे शेवटचे वाक्य मनात घर करून राहील.

ओळखीच्या समाजाचे उदाहरण म्हणजे 'आय ॲम ऑल राइट जॅक' (१९५९) मधला फ्रेड काइट. हा कारखान्यातला कामगार पुढारी. ही भूमिका त्याने आधी नाकारली होती, कारण त्याला तिच्यात विनोदच दिसेना. आणि खरेच, काइट एकही विनोद करत नाही. अर्धवट शिकलेला माणूस पुस्तकी शब्द जपून, थोडे चुकवून, पोशाखी कपड्यांसारखे वापरतो, तशी त्याची भाषा आहे. सोव्हिएत रशियाबद्दल बोलताना तो गव्हाची शेते आणि संध्याकाळचा बॅले आठवून हळवा होतो, आणि त्या एका हळव्या सुरात सगळा माणूस कळतो. या भूमिकेला ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा तो तेहेतिशी-चौतिशीत होता, आणि काइट पन्नाशीचा वाटतो.

आता माझा मुख्य पुरावा. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' (१९६४) मध्ये त्याच्या तीन भूमिका आहेत: ब्रिटिश हवाई दलातला सभ्य अधिकारी मँड्रेक, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मफ्ली आणि चाकाच्या खुर्चीतला जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रेंजलव्ह. मँड्रेक तर हवाई दलाच्या मेसमधून थेट उचललेला आहे. मफ्लीचा सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे रशियाच्या पंतप्रधानाला फोन करून, तुमच्यावर चुकून अणुबॉम्ब टाकायला विमाने निघाली आहेत, हे समजावून सांगण्याचा. पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. पलीकडचा माणूस प्यायलेला आहे, रुसलेला आहे, त्याला आधी दोन गोड शब्द हवे आहेत, हे सगळे सेलर्सच्या थांबण्यातून, त्याच वाक्यावर परत येण्यातून आणि समजुतीच्या सुरातून कळते. पडद्यावर एक टकला माणूस खुर्चीत बसला आहे, बस्स. हा प्रसंग रेडिओचा आहे. रॉय स्पियर यांना केलेल्या फोनपासून इथपर्यंत मला एक सरळ रेघ दिसते.

आणि याच चित्रपटात चौथी भूमिकाही त्याच्याकडे होती, बॉम्बफेकी विमानाचा टेक्सासचा वैमानिक मेजर काँग याची. तो टेक्सासचा उच्चार त्याला लागेना. सहलेखक टेरी सदर्न मूळचे टेक्सासचे, म्हणून त्यांनी संवाद टेपवर बोलून दिले, ते तो पुन्हा पुन्हा ऐकत बसला. पुढे पाय मुरगळला आणि भूमिका स्लिम पिकन्सकडे गेली. पायाचे दुखणे खरेच होते. पण आवाज लागला असता तर तो लंगडतही विमानात चढला असता, असे मला आपले वाटते.

काडेपेटी

माझ्या सदस्यनामाला साजेशी भर घालतो. क्लूझोची भूमिका आधी पीटर उस्तिनोव्ह करणार होते. त्यांनी ऐनवेळी माघार घेतल्यामुळे ती सेलर्सकडे आली. रोमला जाताना विमानात काडेपेटीवर इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या कॅप्टन वेबचे चित्र दिसले आणि ती मिशी, तो ताठा तिथून उचलला, असे तो सांगत असे. म्हणजे इथे तरी आधी मिशी आणि मग आवाज! १९६३ चा पहिला चित्रपट पुन्हा पाहा: क्लूझोचा फ्रेंच उच्चार त्यात अगदी सौम्य आहे, आणि नाव मोठे आहे ते डेव्हिड निव्हनचे. पुढच्या वर्षीच्या 'अ शॉट इन द डार्क'मध्ये उच्चार वाढत गेला, आणि १९७५ नंतरच्या चित्रपटांत तर समोरच्या फ्रेंच माणसालाही क्लूझोचे बोलणे कळत नाही अशी गंमत आली. त्यात वरिष्ठ अधिकारी ड्रेफस झालेले हर्बर्ट लोम आणि सेलर्स हे दोघे १९५५ च्या 'द लेडीकिलर्स'मध्ये एकाच टोळीत होते, हेही जाता जाता सांगतो.

धाग्यात त्याच्या खासगी आयुष्याचा उल्लेख नाही. मुद्दाम टाळलात का? एप्रिल १९६४ मध्ये, ब्रिट एकलंडशी लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, लॉस एंजेलिसमध्ये काही तासांत त्याला हृदयविकाराचे आठ झटके आले. चार लग्ने, तिन्ही मुलांशी वाईट संबंध, मॉरिस वुड्रफ नावाच्या ज्योतिषाला विचारून चित्रपट घेण्याची खोड, सेटवरचे तमाशे. मृत्युपत्रात मुलांना प्रत्येकी ८०० पौंड ठेवले होते. एवढे कान असलेल्या माणसाला घरातले काही ऐकू येत नव्हते.

तिसरी घंटा

काडेपेटी, मिशीचा मुद्दा मान्य, एक गुण तुमचा. खासगी आयुष्य टाळले नाही, पण ते सांगताना आपण किती चटकन न्यायाधीश होतो याची धास्ती वाटते. मुलांनी आणि एकलंड यांनी जे लिहिले-सांगितले आहे ते वाचवत नाही इतके कडवट आहे, आणि त्यावर मला सारवासारव करायची नाही.

सत्तरच्या दशकाचा पहिला अर्धा भाग मी भराभर ओलांडतो, कारण त्यात पाहण्यासारखे फार थोडे आहे. एका चित्रपटात त्याने सहा भूमिका केल्या आणि त्या कुणाला आठवत नाहीत. मिलिगनबरोबरच्या एका चित्रपटात तो व्हिक्टोरिया राणी झाला. १९७८ मध्ये मपेट्स या बोलक्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा म्हणून आला असता कर्मिट बेडूक त्याला म्हणतो, जरा मोकळा हो, आहेस तसा राहा. सेलर्स उत्तरतो की ते शक्य नाही, पूर्वी माझ्यात 'मी' होता, पण शस्त्रक्रिया करून काढून टाकला. विनोद म्हणून लिहिलेले वाक्य आहे, पण मुलाखतींतूनही तो साधारण हेच सांगत असे.

साशंक

या मपेट्सच्या वाक्यासमोर 'द पार्टी'मधले एक वाक्य ठेवून पाहा. मेजवानीला आलेला एक चित्रपट-निर्माता बक्षीवर खेकसतो, तू स्वतःला समजतोस तरी कोण? बक्षी शांतपणे सांगतो, की हिंदुस्थानात आम्ही आपण कोण आहोत असे समजत नाही, आपण कोण आहोत ते आम्हाला ठाऊक असते. तपकिरी रंगाखालून हे वाक्य म्हणणारा माणूस असा! त्या रंगाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, पण त्या मेजवानीत सर्वांशी माणुसकीने वागणारा पाहुणा बक्षीच आहे, हेही आता पुन्हा पाहताना ध्यानात आले.

टेम्सकाठी

'बीइंग देअर'बद्दल कुणीच कसे लिहिले नाही?

तिसरी घंटा

शेवटी राखून ठेवला होता. येझी कोसिन्स्कीची ही छोटी कादंबरी आल्यापासून सेलर्स तिच्या मागे लागला होता. कादंबरीतल्या माळ्याच्या नावाने त्याने कोसिन्स्कीला तार केली आणि खाली स्वतःचा फोन नंबर दिला, अशी हकीकत आहे. क्लूझोच्या पुनरागमनामुळे बाजारभाव परत आल्यावरच, १९७९ मध्ये, हॅल ॲशबीच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट झाला. चान्स नावाचा हा माळी आयुष्यभर एका घराच्या आवारात राहिला आहे, त्याला लिहिता-वाचता येत नाही, जग त्याने टीव्हीवर पाहिले आहे तेवढेच. मालक वारतो, चान्स रस्त्यावर येतो, आणि बागेविषयीची त्याची साधी वाक्ये वॉशिंग्टनची बडी मंडळी अर्थशास्त्र समजून डोक्यावर घेतात.

आता अडचण बघा. टीव्हीवर वाढलेल्या माणसाचा आवाज कोणत्या गावचा? कोणत्याच नाही. ज्याने आयुष्यभर प्रांत, वर्ग, वय, शाळा हे सगळे आवाजात भरले, त्याला इथे एकेक करून सगळे काढून टाकायचे होते. त्याने बरेच दिवस टेपवर आवाज करून पाहिले, आणि त्याचा लाडका नट स्टॅन लॉरेल याच्या बोलण्याचा धागा धरून तो संथ, सपाट, कुठेही न टेकणारा सूर शोधला. चान्सला वाक्य संपवण्याची घाई नाही आणि समोरच्याला काय वाटले याची चिंताही नाही. या भूमिकेला गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले, ऑस्कर मात्र त्या वर्षी डस्टिन हॉफमनला गेले. चित्रपटाच्या शेवटी नामावलीबरोबर ॲशबीने चित्रीकरणातला एक फसलेला तुकडा लावला, ज्यात सेलर्सला एक लांबलचक संवाद म्हणताना हसू आवरत नाही. तो यावर संतापला होता, आणि मला त्याचा राग रास्त वाटतो: दोन तास जो सूर कुठे चिरू दिला नाही, तो दिग्दर्शकाने शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या हाताने चिरला.

भिंगारवाला

पुढच्या वर्षीच, २४ जुलै १९८० रोजी, तो गेला. वय ५४. दोन दिवस आधी लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात कोसळला, तेव्हा मिलिगन आणि सीकोमबरोबर जेवायला जमण्याचे ठरलेले होते. गोल्डर्स ग्रीनला अंत्यविधीच्या वेळी त्याच्याच इच्छेनुसार ग्लेन मिलरचे 'इन द मूड' वाजवले गेले. ते गाणे त्याला अजिबात आवडत नसे. जमलेल्यांपैकी ज्यांना हे ठाऊक होते त्यांना तिथेही हसू आवरले नाही.

टेम्सकाठी

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि त्याला यातले काहीच माहीत नाही. त्याने कुठून सुरुवात करावी?

तिसरी घंटा

पडद्यापासून नको. जॉर्ज मार्टिननेच काढलेल्या १९५८ च्या ध्वनिमुद्रिकेत 'बॅलम, गेटवे टू द साउथ' म्हणून एक तुकडा आहे. दक्षिण लंडनच्या एका अगदी सामान्य उपनगराचे वर्णन, अमेरिकी पर्यटनपटातल्या निवेदकाच्या भारावलेल्या आवाजात. मधूनमधून तिथले रहिवासी बोलतात, तेही सगळे सेलर्सच. तुम्ही लंडनमध्येच आहात, तेव्हा मुलाला आधी ते ऐकवा आणि मग नॉर्दर्न लाइनने बॅलमला घेऊन जा.